मराठी ‘ला’ फोडून शिकायची चतुर्थी: संस्कृत, जर्मन, रशियन, कन्नड आणि आणखी काही

जर्मन, रशियन, संस्कृत किंवा लॅटिन शिकताना चतुर्थी विभक्तीचा धडा आला की मराठी विद्यार्थी अर्ध्या गोष्टी न शिकवता बरोबर करतो आणि उरलेल्या अर्ध्या पूर्ण आत्मविश्वासाने चुकवतो. दोन्हींच्या मुळाशी ‘ला’ आहे. शाळेतल्या विभक्तीच्या तक्त्यात द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही ओळींत तेच प्रत्यय असतात: एकवचनात स, ला, ते आणि अनेकवचनात स, ला, ना, ते. त्यामुळे दोन वेगळी कामं एकाच प्रत्ययाने होतात याकडे आपलं कधी लक्षच जात नाही. ज्या भाषांत या दोन कामांना वेगळी रूपं आहेत तिथे आधी आपला ‘ला’ फोडावा लागतो. प्रत्ययांचे तक्ते पाठ करणं त्यानंतरचं काम.

पहिली पायरी: ‘ला’ दोन ठिकाणी वाटून घ्या

मराठीत प्रत्यक्ष कर्माला ‘ला’ लागतो तो ते कर्म माणूस किंवा प्राणी असेल तर. ‘मी मुलाला पाहिलं’, पण ‘मी चित्र पाहिलं’. घेणाऱ्याला, म्हणजे संप्रदानाला, मात्र तो नेहमी लागतो: ‘मी मुलाला पैसे दिले’, ‘मी शाळेला पैसे दिले’. यातूनच एक सोपी कसोटी मिळते. वाक्यातला ‘ला’वाला शब्द काढा आणि त्याच जागी एखादी निर्जीव वस्तू किंवा संस्था बसवा. ‘ला’ गळून पडला तर ती द्वितीया, टिकला तर चतुर्थी.

‘डॉक्टरांना बोलावलं’ याचं ‘रिक्षा बोलावली’ होतं. प्रत्यय गेला, म्हणून द्वितीया. ‘मुलाला शोधलं’ आणि ‘किल्ली शोधली’, पुन्हा द्वितीया. ‘त्याला मदत केली’ आणि ‘संस्थेला मदत केली’, इथे प्रत्यय टिकला, म्हणून चतुर्थी. सांगणे, दाखवणे, पाठवणे, आवडणे, पुरणे ही सगळी चतुर्थीच्या बाजूला पडतात.

वस्तू बसवताना जागा तीच राहिली पाहिजे. ‘मी मास्तरांना विचारलं’ याचं ‘मी रस्ता विचारला’ केलं, तर ‘रस्ता’ मास्तरांच्या जागी आलेला नाही. दोघं एकाच वाक्यात राहू शकतात: ‘मी मास्तरांना रस्ता विचारला’. अशा वेळी दोन्ही कर्मं वाक्यात ठेवूनच कसोटी लावा.

स्पॅनिश शिकणाऱ्यांना इथे घरच्यासारखं वाटेल. तिथेही माणूस कर्म असला की ‘आ’ लागतो, वस्तू असली की लागत नाही: ‘बेओ आ मारिया’ (मारियाला पाहतो), पण ‘बेओ ला कासा’ (घर पाहतो, इथला ‘ला’ उपपद आहे, आपला नव्हे). सर्वनामांवर आलं की मात्र स्पॅनिशही दोन कामं वेगळी करते: ‘लो बेओ’, त्याला पाहतो, ‘ले दोय’, त्याला देतो.

दुसरी पायरी: आधी सर्वनामं, मग नामं

नामांचे तक्ते मोठे आणि कंटाळवाणे असतात. सर्वनामं थोडी असतात, रोज लागतात आणि द्वितीया-चतुर्थीचा फरक सर्वांत स्पष्ट तिथेच दिसतो. म्हणून ती जोडीने पाठ करा. खाली मला, तुला, त्याला, तिला, आम्हाला हा क्रम आहे. आधी चतुर्थी, मग द्वितीया.

संस्कृत: मह्यम्, तुभ्यम्, तस्मै, तस्यै, अस्मभ्यम् / माम्, त्वाम्, तम्, ताम्, अस्मान्
जर्मन: मिर, डिर, ईम, ईर, उन्स / मिश, डिश, ईन, झी, उन्स
रशियन: म्न्ये, तिब्ये, यिमू, येय, नाम / मिन्या, तिब्या, यिवो, यियो, नास
कन्नड: ननगे, निनगे, अवनिगे, अवळिगे, नमगे / नन्नन्नु, निन्नन्नु, अवनन्नु, अवळन्नु, नम्मन्नु
तुर्की: बाना, साना, ओना, ओना, बिझे / बेनी, सेनी, ओनु, ओनु, बिझी

सरावासाठी दोनच वाक्यं पुरेत: ‘मला वाचव’ आणि ‘मला दे’. संस्कृतात पहिलं ‘मां रक्ष’, दुसरं ‘मह्यं देहि’. ही जोडी जिभेवर बसली की ‘मां देहि’ आपोआप खटकू लागतं. कोंकणीत म्हाका, तुका, ताका ही रूपं मराठीसारखीच दोन्ही कामं करतात, म्हणून हा सराव कोंकणी भाषकांनाही तितकाच लागतो.

आता नामं. भाषेगणिक अडचण वेगळी, त्यामुळे लक्ष द्यायची जागाही वेगळी.

संस्कृतात अंत्य स्वर पाहा. रामाय, हरये, गुरवे, मालायै, नद्यै, भगवते. पूजेतल्या ‘नमः’च्या वाक्यांतून यातली बरीच रूपं कानावर असतात, ती आठवा आणि त्यांच्याच साच्यात नवा शब्द ओता. अनेकवचनात रामेभ्यः हे रूप चतुर्थी आणि पंचमी दोन्हींचं आहे, द्विवचनात रामाभ्याम् तर तृतीया, चतुर्थी, पंचमी अशा तिघींचं. वाचताना रूपावरून निर्णय होत नसेल तर क्रियापद पाहा: ‘ददाति’ असेल तर देणं, ‘बिभेति’ असेल तर भीती, म्हणजे पंचमी.

जर्मनमध्ये नाम जवळजवळ बदलत नाही, उपपद बदलतं. पुल्लिंगी ‘डेर’ आणि नपुंसकलिंगी ‘डास’ यांचं ‘डेम’ होतं, स्त्रीलिंगी ‘डी’चं ‘डेर’, अनेकवचनी ‘डी’चं ‘डेन’. गोंधळ इथेच होतो. ‘डेर’ दिसला की नवखा त्याला पुल्लिंगी प्रथमा समजतो, पण ‘मिट डेर फ्राउ’ (त्या बाईबरोबर) मधला ‘डेर’ स्त्रीलिंगी चतुर्थी आहे. ‘डेन’ही तसाच दुतोंडी: पुल्लिंगी एकवचनात द्वितीया, अनेकवचनात चतुर्थी. सुदैवाने अनेकवचनी चतुर्थीत नामालाही ‘न’ लागतो, ‘डी किंडर’चं ‘डेन किंडर्न’ होतं, म्हणून शेवटचा ‘न’ ही खूण शोधावी. अनेकवचन मुळातच ‘न’ किंवा ‘स’ने संपत असेल तर हा ‘न’ जोडत नाहीत: ‘डेन आउटोस’. लेखी परीक्षेत सर्वांत जास्त विसरला जातो तो हाच ‘न’.

रशियनमध्ये पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांना ‘उ’ किंवा ‘यु’ लागतो (ब्रात, ब्रातु), स्त्रीलिंगी नामांना बहुधा ‘ये’ (मामा, माम्ये), आणि अनेकवचनात सगळ्यांना ‘आम’ किंवा ‘याम’. ‘इया’ने संपणारी स्त्रीलिंगी नामं ‘ये’ घेत नाहीत, तिथे ‘इइ’ होतं: मारिया, मारिइ.

कन्नडमध्ये माणसाला ‘इगे’ (हुडुगनिगे, मुलाला), अकारान्त निर्जीव नामाला ‘क्के’ (मरक्के, झाडाला), ‘ए’ किंवा ‘इ’ने संपणाऱ्या नामाला ‘गे’ (मनेगे, घरी), आणि ‘ऊरु’सारख्या शब्दाला ‘इगे’ (ऊरिगे, गावाला).

तुर्कीत शेवटचा स्वर अ, ओ, उ यांच्या गटातला असेल तर ‘आ’, ए, इ यांच्या गटातला असेल तर ‘ए’: ओकुल (शाळा), ओकुला, एव (घर), एवे. शब्द स्वरान्त असेल तर मध्ये ‘य’ येतो: अराबा (गाडी), अराबाया. ‘किताप’सारख्या शब्दांत शेवटचं व्यंजन मऊ होतं: किताबा. मराठीत ‘भाऊ’चं ‘भावाला’ आणि ‘शाळा’चं ‘शाळेला’ करताना आपण सामान्यरूपाच्या याहून अवघड कसरती रोज करतो, तेव्हा तुर्कीला घाबरायचं कारण नाही.

तिसरी पायरी: क्रियापद पाठ करताना ‘कुणाला’ सोबत लिहा

वर सांगितलेली कसोटी जिथे दगा देते ती जागा ही. कुठलं क्रियापद कुठली विभक्ती मागतं हे शेवटी ज्या त्या भाषेने ठरवलेलं असतं. ‘विचारणे’ घ्या. मराठीत ‘ला’ टिकतो, म्हणजे चतुर्थीच वाटते. पण संस्कृतात ‘प्रच्छ्’ द्विकर्मक आहे: ‘शिष्यः गुरुं प्रश्नं पृच्छति’, दोन्ही द्वितीया. जर्मनमध्येही द्वितीया: ‘इश फ्रागे डिश’. तुर्कीत चतुर्थी: ‘बाना सोर’, मला विचार. स्पॅनिशमध्येही चतुर्थी. हिंदीत तर वेगळंच: ‘उससे पूछो’. मुंबईच्या हिंदीत ‘उसको पूछ’ सर्रास ऐकू येतं; मराठी ‘त्याला विचार’ त्याला अगदी जवळचं आहे. ‘त्याला भेटलो’चं ‘उससे मिला’ आणि ‘त्याला म्हणालो’चं ‘उससे कहा’ हेही याच रांगेतले.

‘फोन करणे’ असंच. रशियनमध्ये चतुर्थी: ‘ज्वनीत् माम्ये’, आईला फोन करणं, अगदी आपल्यासारखं. जर्मन ‘आनरूफन’ मात्र द्वितीया घेतं: ‘इश रूफे डिश आन’. ‘डिर’ म्हणणारा मराठी विद्यार्थी हटकून सापडतो.

जर्मनची यादी दोन भागांत करा. मराठीत ‘ला’, पण जर्मनमध्ये द्वितीया: फ्रागन (विचारणे), आनरूफन (फोन करणे), ट्रेफन (भेटणे), बेझूखन (भेट देणे). मराठीत ‘ला’ नाही, पण जर्मनमध्ये चतुर्थी: डांकन (‘तुझे’ आभार), ग्राटुलीरन (‘तुझं’ अभिनंदन), ग्लाउबन (‘तुझ्यावर’ विश्वास), त्सूह्योरन (‘माझं’ नीट ऐक), फोल्गन (‘माझ्या’मागे ये), गेह्योरन (‘माझं’ आहे). हेल्फन (मदत करणे), आंटवोर्टन (उत्तर देणे), गेफालन (आवडणे), पासन (मापाला बसणे), श्मेकन (चवीला आवडणे) यांची काळजी नको. तिथे मराठी कान बरोबर सांगतो.

पाठांतराची पद्धत बदला. वहीत ‘हेल्फन = मदत करणे’ असं लिहू नका, ‘येमांडेम हेल्फन’ लिहा. ‘येमांडेम’ म्हणजे कुणाला, चतुर्थीत. ‘येमांडेन’ म्हणजे कुणाला, द्वितीयेत. जर्मन शब्दकोशांत क्रियापदाजवळ या दोन शब्दांचे संक्षेप छापलेले असतात. दोन्हींत फरक फक्त शेवटच्या अक्षराचा, ‘म’ की ‘न’, तेवढं पाहायचं. रशियन शब्दकोशांत त्याच कामासाठी ‘कमू’ (चतुर्थी) आणि ‘कवो’ (द्वितीया) असतं.

कर्मणी प्रयोगातही हा फरक उरतो. जर्मनमध्ये द्वितीयेतलं कर्म प्रथमेत जातं, चतुर्थीतलं हलत नाही: ‘मला मदत केली गेली’ हे ‘मिर वुर्डे गेहोल्फन’ असंच. तिथे ‘इश’ने सुरुवात केली की चूक.

संस्कृतात पाणिनीने ही क्रियापदं अर्थाच्या गटांनी बांधून दिली आहेत, त्यामुळे पाठांतर कमी होतं. आवडणं या अर्थाच्या धातूंशी ज्याला आवडतं तो चतुर्थीत (अष्टाध्यायीतलं सूत्र १.४.३३): ‘मह्यं मोदकः रोचते’. ऋण असण्याच्या अर्थी सावकार चतुर्थीत (१.४.३५). रागावणं, द्रोह, ईर्ष्या, असूया यांत ज्याच्यावर राग तो चतुर्थीत (१.४.३७): ‘पिता पुत्राय क्रुध्यति’, इथे मराठी ‘मुलावर’ म्हणते म्हणून सप्तमी लावण्याची चूक होते. नमः, स्वस्ति, स्वाहा, स्वधा, अलम्, वषट् यांच्या योगाने चतुर्थी (२.३.१६). या शेवटच्या नियमात एक खाच आहे. ‘शिवाय नमः’ बरोबर, पण क्रियापद आलं की ‘शिवं नमामि’, ‘शिवं नमस्करोति’. नुसत्या ‘नमः’ या अव्ययाने चतुर्थी येते. नमस्काराची क्रिया आली की शिव तिचं कर्म होतो, आणि कर्माची विभक्ती अव्ययाने आणलेल्या विभक्तीपेक्षा बलवान मानली जाते. ‘शिवाय नमामि’ असं छापील पत्रिकांतही दिसतं, ती चूक याच गोंधळातून होते.

चौथी पायरी: ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं

इथे मराठी माणसाची चांदी आहे. इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्याला ‘मिर इस्ट काल्ट’ (मला थंडी वाजते) समजावून द्यावं लागतं. आपण ते आईच्या दुधाबरोबर शिकलेलो असतो. ज्याला अनुभव येतो तो चतुर्थीत, आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे न बदलता आवडणाऱ्या किंवा मिळणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं. मला आंबा आवडतो, मला चिंच आवडते, मला आंबे आवडतात. स्पॅनिश: ‘मे गुस्ता एल मांगो’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. जर्मन: ‘डी श्टाट गेफेल्ट मिर’, मला शहर आवडतं. क्रियापद कुणाशी जुळवायचं अशी शंका आली की ते वाक्य मराठीत म्हणून पाहा; उत्तर तयार असतं.

कन्नडशी तर शब्दाला शब्द जुळतो. ‘ननगे कन्नड बरुत्ते’ म्हणजे ‘मला कन्नड येते’, येणे हे क्रियापदसुद्धा तेच. तमिळमध्ये ‘एनक्कु’ (मला) घेऊन ‘एनक्कु तमिळ तेरियुम्’, मला तमिळ कळते. भारतीय आर्य आणि द्राविड कुळांतल्या भाषांत असे रचनासाम्याचे पुरावे पाहून भाषाशास्त्रज्ञ एम. बी. एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हा एक भाषिक प्रदेश असल्याचं मांडलं. कर्त्याच्या जागी येणारी ही चतुर्थी आज त्या चर्चेतलं नेहमीचं उदाहरण आहे.

लॅटिनचा एक प्रयोग मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल. ‘मिहि लिबेर लेगेन्दुस एस्त’, मला पुस्तक वाचायचं आहे. ‘मिहि एपिस्तुला स्क्रिबेन्दा एस्त’, मला चिठ्ठी लिहायची आहे. करणारा चतुर्थीत, आणि कृदन्त वस्तूच्या लिंगाप्रमाणे. लॅटिनमध्ये यात कर्तव्याचा भाव ठळक असतो, मराठीत इच्छाही येते, एवढा फरक लक्षात ठेवायचा.

पण प्रत्येक ‘मला’ परभाषेत चतुर्थी होत नाही. ‘मला भूक लागली’ हे जर्मनमध्ये ‘इश हाबे हुंगर’, म्हणजे ‘मी’ कर्ता. ताप, वेळ, भाऊ-बहीण हे सगळं तिथे ‘हाबन’ या क्रियापदाने होतं. मळमळणं मात्र चतुर्थीत: ‘मिर इस्ट श्लेश्ट’. रशियनमध्ये वय चतुर्थीत जातं: ‘म्न्ये द्वात्सत् ल्येत’, मी वीस वर्षांचा आहे; थंडी, कंटाळा, गरज, परवानगी हेही चतुर्थीत; भूक मात्र नाही. तुर्कीत यातलं जवळजवळ काहीच चतुर्थीत नाही. थंडी वाजली तरी ‘मी’च कर्ता. म्हणून नवी भाषा सुरू करताना थंडी, भूक, आवड, वय, गरज, भाषा येणे, भाऊ असणे ही सात वाक्यं शिक्षकाकडून लिहून घ्या. त्या सातांत भाषेचा कल कळतो.

उलट दिशेची चूकही घातक असते. जर्मनमध्ये थंडी वाजतेय म्हणायला ‘इश बिन काल्ट’ म्हटलं तर मी थंड स्वभावाचा आहे असा अर्थ निघतो, आणि उकडतंय म्हणायला ‘इश बिन हाइस’ म्हटलं तर त्याहून भलताच.

पाचवी पायरी: शब्दयोगी आणि जागा

जर्मनमध्ये आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फॉन, त्सू यांच्यामागून डोळे मिटून चतुर्थी. मराठी अर्थाकडे पाहूच नका. ‘मुलाबरोबर’, ‘घरातून’, ‘डॉक्टरांकडे’ यांत कुठेही ‘ला’ नाही. यांतले काही उपपदाशी जुळतात: त्सू डेम चं त्सुम, त्सू डेर चं त्सुर, फॉन डेम चं फॉम, बाय डेम चं बाइम.

खरी डोकेदुखी पुढच्या नऊ शब्दांची: आन, आउफ, हिंटर, इन, नेबन, यूबर, उंटर, फोर, त्स्विशन. जागेवर असेल तर चतुर्थी, त्या जागी पोचणं असेल तर द्वितीया. ‘इश बिन इन डेर शूले’, मी शाळेत आहे; ‘इश गेहे इन डी शूले’, मी शाळेत जातो. मराठीत दोन्हीकडे ‘शाळेत’, म्हणून कान मदत करत नाही. त्यातून आपण ‘शाळेला जातो’ही म्हणतो, आणि त्या ‘ला’च्या भरात चतुर्थी लावली की चुकतो. हालचाल आहे का, असा प्रश्न विचारू नका. जागा बदलली का, असा विचारा. बागेत धावणाऱ्याची हालचाल भरपूर, पण तो बागेतच आहे, म्हणून ‘इम पार्क’ (इन डेम चं इम), चतुर्थी.

पोचण्याच्या जागेला चतुर्थी लावणाऱ्या भाषाही आहेत. तुर्की ‘एवे’, कन्नड ‘मनेगे’, आणि संस्कृतात तर ‘ग्रामं गच्छति’ आणि ‘ग्रामाय गच्छति’ दोन्ही चालतात (२.३.१२). रशियन दोन वाटा ठेवते: ठिकाण असेल तर ‘व’ किंवा ‘ना’ आणि द्वितीया, माणूस असेल तर ‘क’ आणि चतुर्थी, जसं डॉक्टरांकडे जाताना. ‘क’नंतर सर्वनामाला सुरुवातीला ‘न’ जोडायचा असतो: ‘क न्यिमू’, त्याच्याकडे.

क्रमाबद्दल थोडंसं. जर्मनमध्ये दोन्ही नामं असतील तर चतुर्थी आधी: ‘इश गेबे डेम किंट आयनेन आप्फेल’. वस्तूचं सर्वनाम झालं की ते पुढे सरकतं: ‘इश गेबे ईन ईम’.

ज्या भाषेत वेगळी चतुर्थी नाही तिथे ते काम कुणी घेतलं एवढंच शोधायचं. प्राकृतांत षष्ठीने घेतलं. मराठीतला ‘स’ हा प्रत्यय संस्कृत षष्ठीच्या ‘स्य’पासून आला असं मानतात. आजच्या ग्रीकमध्येही प्राचीन चतुर्थीची जागा मुख्यतः षष्ठीनेच घेतली आहे. फिनिशमध्ये ‘वर, कडे’ या अर्थाची ‘ल्ले’ ही विभक्ती देणं-घेणं सांभाळते, आणि जपानीत ‘नि’ हा शब्द.

लिहून झालेला मजकूर तपासताना एका वेळी एकच गोष्ट पाहा. पहिल्या वाचनात फक्त क्रियापदं आणि त्यांची ‘कुणाला’, दुसऱ्यात फक्त शब्दयोगी, तिसऱ्यात फक्त अनेकवचनं. जर्मनमधला तो विसरलेला ‘न’ तिसऱ्या वाचनात सापडतो, पहिल्यात क्वचितच.